हेड्रियनची भिंत : दगडांची साक्ष

इंग्लंडच्या उत्तर भागात, पूर्वेकडील टाइन नदीपासून पश्चिमेकडील सॉल्वेच्या खाडीपर्यंत, ब्रिटनच्या बेटाची रुंदी बरीच कमी होते. नेमक्या याच पट्ट्यात रोमन लोकांनी समुद्रापासून समुद्रापर्यंत एक सलग भिंत उभारली. तिची लांबी ८० रोमन मैल, म्हणजे सुमारे ११८ किलोमीटर होती. रोमन सम्राट हेड्रियन इ.स. १२२ मध्ये ब्रिटनमध्ये आला. त्याच सुमारास, प्रांताधिपती औलुस प्लाटोरियुस नेपोस याच्या कारकिर्दीत, हे काम सुरू झाले. इ.स. १४२ च्या सुमारास हेड्रियनच्या वारसाने सीमा आणखी उत्तरेला नेऊन तेथे मातीचा दुसरा तट उभारला. परंतु तो थोड्याच वर्षांत सोडून द्यावा लागला आणि सैन्य पुन्हा हेड्रियनच्या भिंतीवर परतले. पाचव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमधील रोमन सत्ता संपुष्टात येईपर्यंत हीच भिंत साम्राज्याची उत्तरसीमा होती.

येथे एक सामान्य गैरसमज दूर केला पाहिजे. ही भिंत म्हणजे इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यामधील सीमा नव्हे. ती संपूर्णपणे आजच्या इंग्लंडमध्ये आहे. तिचे पूर्वेकडील टोक तर स्कॉटलंडच्या सरहद्दीपासून शंभराहून अधिक किलोमीटर दक्षिणेला आहे. भिंत बांधली गेली तेव्हा इंग्लंड आणि स्कॉटलंड ही दोन्ही राज्ये अस्तित्वातच नव्हती.

भिंत कशासाठी बांधली, या प्रश्नाला प्राचीन ग्रंथांत मिळणारे उत्तर अगदी त्रोटक आहे. हेड्रियननंतर दीर्घ काळाने लिहिल्या गेलेल्या त्याच्या एका लॅटिन चरित्रात, रोमन आणि रानटी लोक यांना वेगळे करण्यासाठी त्याने ८० मैलांची भिंत बांधली, एवढाच उल्लेख येतो. वेगळे करणे म्हणजे काय? शत्रूला अडवणे, की येणाऱ्या-जाणाऱ्यांवर नजर ठेवणे? कोणावर, आणि कोणत्या बाजूने? चरित्रकार याविषयी काहीच सांगत नाही. म्हणून अभ्यासकाला दगडांकडेच वळावे लागते. अवशेष पाहावयास जाणाऱ्या प्रवाशाने हा प्रश्न मनात ठेवूनच पाहणीस आरंभ करावा. एरवी त्याला केवळ हिरव्या माळावर पसरलेली, कमरेएवढ्या उंचीची एक जुनी भिंत दिसेल.

भिंतीची रचना

‘भिंत’ हा शब्द येथे अपुरा पडतो. वस्तुतः ही एकमेकींना समांतर अशी अनेक बांधकामांची व्यवस्था आहे. उत्तरेकडून पाहू लागल्यास प्रथम एक खोल खंदक लागतो. त्यानंतर मोकळ्या जमिनीची अरुंद पट्टी आणि मग प्रत्यक्ष भिंत येते. भिंतीच्या दक्षिणेस सैन्याच्या ये-जा करण्याचा रस्ता आणि त्याच्या आसपास ‘व्हॅलम’ या नावाने ओळखला जाणारा दुसरा, सपाट तळाचा चर आहे. हा चर सुमारे ६ मीटर रुंद आणि ३ मीटर खोल असून त्याच्या दोन्ही बाजूंना मातीचे बांध घातलेले होते.

भिंतीचा पूर्वेकडील भाग आरंभापासून दगडी होता. इर्थिंग नदीच्या पश्चिमेस मात्र ती प्रथम गवतासकट कापलेल्या मातीच्या लाद्या एकावर एक रचून बांधण्यात आली आणि दगडात तिचे रूपांतर नंतर झाले. दगडी भिंतीच्या दोन्ही अंगांना घडीव चिरे आणि पोटात दगडगोट्यांचा भराव, अशी रचना आढळते. चिरे लहान आहेत. एका माणसाला उचलून नेता यावेत एवढेच. पुढे शेतकऱ्यांना हेच चिरे फार सोयीचे वाटले, हे ध्यानात ठेवावे.

भिंतीत दर रोमन मैलाला एक लहान गढी होती. रोमन मैल आजच्या सुमारे १,४८० मीटरांचा असे. या गढ्यांना येथे ‘मैलगढी’ म्हणू. दोन मैलगढ्यांच्या दरम्यान दोन टेहळणीचे मनोरे, असा क्रम जवळजवळ अखेरपर्यंत पाळलेला दिसतो. मोठे किल्ले मूळ आराखड्यात नव्हते. काम चालू असतानाच ते भिंतीवर आणण्याचा निर्णय झाला. हाउसस्टेड्स येथील किल्ल्याच्या आत एका मनोऱ्याचा पाया आजही दिसतो. मनोरा आधी उभारला, मग पाडला आणि त्याच्या जागेवर किल्ला आला, याचा हा उघड पुरावा होय.

प्रत्येक मैलाला एक दार

आता मूळ प्रश्नाकडे वळू. प्रत्येक मैलगढीला दोन दारे असत. एक दक्षिणेकडे आणि दुसरे थेट भिंतीतून उत्तरेकडे उघडणारे. याचा अर्थ असा, की या भिंतीत सुमारे ८० दारे ठेवलेली होती; किल्ल्यांची दारे निराळीच. चेस्टर्स येथील घोडदळाचा किल्ला तर भिंतीच्या पुढे उत्तरेला डोकावतो आणि त्याच्या चार मुख्य दरवाजांपैकी तीन भिंतीपलीकडे उघडतात. ज्याला केवळ शत्रूला थोपवावयाचे आहे, तो आपल्या तटाला इतकी भोके पाडणार नाही.

हाउसस्टेड्सजवळच्या मैलगढीचे उत्तरद्वार याहूनही बोलके आहे. या मैलगढीच्या भिंती अजून चांगल्या उंचीच्या आहेत आणि दाराच्या कमानीचे खालचे दगडही शाबूत आहेत. परंतु दारातून बाहेर पाऊल टाकल्यास समोर तीव्र उतार लागतो. तेथून गाडी जाणे अशक्य होते. तरीही ठरलेल्या आराखड्याप्रमाणे दार केले गेले, कारण वरून आलेला हुकूम तसा होता. पुढे व्यवहारात त्याची निरुपयोगिता ध्यानात आली असावी. ते दगड लावून अरुंद करण्यात आले.

याच किल्ल्याच्या पूर्वेस, नॅग बर्न नावाच्या ओढ्यापाशी, भिंतीला आणखी एक दार नंतरच्या काळात पाडलेले आहे. त्याला पुढे आणि मागे अशी दोन्ही टोकांना दारे असून दोन्ही बाजूंस पहारेकऱ्यांच्या खोल्या आहेत. येणाऱ्याला आत घ्यावयाचे, पुढचे दार बंद करावयाचे, तपासणी करावयाची आणि मगच मागचे दार उघडावयाचे, अशी ही सोय दिसते. हे जकातनाक्याचे चित्र आहे.

दक्षिणेकडील व्हॅलमही हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगतो. तो ओलांडण्याच्या वाटा प्रायः किल्ल्यांसमोरच होत्या आणि त्यांवर दारे होती. म्हणजे साम्राज्याच्या आतील माणसालाही सैन्याच्या नजरेखालून गेल्यावाचून भिंतीपर्यंत पोहोचता येत नसे. पहारा दोन्ही दिशांना होता.

तथापि यावरून भिंत केवळ तपासणीसाठी होती असे म्हणणेही एकांगी ठरेल. पूर्वेकडील भागात, भिंत आणि खंदक यांच्यामधील पट्टीत, खड्ड्यांच्या रांगा उत्खननांत सापडल्या आहेत. त्यांत टोकदार फांद्या अथवा खुंट रोवून अडथळा केला जात असावा. शांततेत माणसे मोजून सोडणारी भिंत संकटाच्या वेळी माणसे अडवण्यासही सज्ज होती, असाच या पुराव्याचा अर्थ लावावा लागतो. भिंतीच्या माथ्यावर गस्तीची वाट होती की नव्हती, हा वाद मात्र मिटलेला नाही. कारण मूळ उंचीपर्यंत शाबूत असा भिंतीचा एकही तुकडा उरलेला नाही.

सीमेवरची माणसे

भिंत बांधली ती रोमन नागरिकांच्या तीन लीजनांनी. परंतु तिच्यावर शिबंदी होती ती साम्राज्याच्या दूरदूरच्या प्रांतांत उभारलेल्या साहाय्यक पथकांची. हाउसस्टेड्सला आजच्या बेल्जियमच्या प्रदेशातील तुंग्रियन पथक होते, चेस्टर्सला स्पेनमधील अस्तुरियन घोडदळ, बर्डोस्वाल्डला डॅन्यूबकाठच्या डेशियनांचे पथक आणि कार्व्होरानला सीरियातील तिरंदाज. टाइनच्या मुखाशी असलेल्या साउथ शील्ड्स येथील रसद-ठाण्यात तैग्रिस नदीवरील नावाड्यांचीही एक तुकडी होती.

साउथ शील्ड्स येथे सापडलेला एक थडग्याचा दगड या मिश्र वस्तीची साक्ष देतो. तो रेजिना नावाच्या स्त्रीचा आहे. ती दक्षिण ब्रिटनमधील कॅटुव्हेलौनी जमातीची. प्रथम ती दासी होती. बाराटेस नावाच्या सीरियन पुरुषाने तिला मुक्त करून तिच्याशी विवाह केला. तिसाव्या वर्षी ती मरण पावली. बाराटेस हा पाल्मिरा या वाळवंटातील नगराचा. त्याने दगडावर लॅटिन मजकूर कोरविला आणि त्याखाली आपल्या स्वतःच्या पाल्मिरी लिपीत एक लहानशी शोकाची ओळ घातली. त्या धुकट किनाऱ्यावर ती ओळ वाचू शकणारी माणसे मोजकीच असतील.

देवही माणसांबरोबर आले. कॅरॉबर्ग येथे १९४९ च्या कोरड्या उन्हाळ्यात मिथ्रास या देवाचे लहानसे मंदिर उजेडात आले. या देवाचे नाव इराणातून आले असून ते वेदांतील ‘मित्र’ या देवतेच्या नावाशी संबद्ध आहे. मंदिरातील एका वेदीवर सूर्यदेवाची आकृती असून त्याच्या मुकुटाचे किरण आरपार कोरलेले आहेत. मागे दिवा ठेवला की अंधारात ते उजळत. मूळ वेद्या न्यूकॅसल येथील संग्रहालयात असून जागेवर त्यांच्या प्रतिकृती आहेत.

या माणसांचा आवाज मात्र सर्वांत स्पष्ट ऐकू येतो तो भिंतीपासून थोड्याच अंतरावर दक्षिणेस असलेल्या विंडोलांडा येथे. हा किल्ला भिंतीच्याही आधीचा, इ.स. ८५ च्या सुमाराचा. येथील लाकडी इमारती वेळोवेळी पाडून, वर मातीचा थर पसरून, नव्या इमारती बांधल्या गेल्या. त्यामुळे खालच्या ओलसर थरांत हवा शिरू शकली नाही आणि सहसा कुजून जाणाऱ्या वस्तू टिकल्या. १९७३ मध्ये येथे लाकडाचे पातळ, सुमारे पोस्टकार्डाएवढे पापुद्रे सापडले. त्यांवर शाईने लिहिलेले होते. असे शेकडो लेख आता उपलब्ध झाले आहेत.

त्यांत पथकाच्या संख्याबळाचा एक तक्ता आहे. तुंग्रियनांच्या त्या पथकात ७५२ माणसे होती. पैकी ४५६ अन्यत्र कामगिरीवर गेलेली. उरलेल्या २९६ पैकी ३१ आजारी, जखमी अथवा डोळे आलेली. कागदावरचे सैन्य आणि प्रत्यक्ष ठाण्यातील सैन्य यांतील अंतर यावरून कळून येते. दुसरा लेख एका निमंत्रणाचा आहे. इ.स. १०० च्या सुमारास क्लॉडिया सेव्हेरा नावाच्या अधिकारीपत्नीने विंडोलांडाच्या अधिकाऱ्याची पत्नी सुल्पिसिया लेपिडिना हिला ११ सप्टेंबर रोजी आपल्या वाढदिवसासाठी बोलावले आहे. पत्र लेखनिकाकडून लिहवून घेतल्यावर शेवटच्या स्नेहाच्या ओळी तिने स्वतःच्या हाताने लिहिल्या. स्त्रीच्या हस्ताक्षरातील लॅटिनच्या सर्वांत जुन्या ज्ञात नमुन्यांत त्यांची गणना होते.

आणखी एका हिशेबात एका सैनिकाच्या नावावर दोन दिनारांची मिरी मांडलेली आहे. त्या काळी रोमन बाजारात येणारी मिरी मलबार किनाऱ्यावरील मुझिरिससारख्या बंदरांतून जहाजांनी तांबड्या समुद्रात, तेथून नाईल नदीमार्गे अलेक्झांड्रियाला आणि मग युरोपात जाई. केरळच्या डोंगरउतारावर वेलीला लागलेला दाणा ब्रिटनच्या उत्तर सीमेवरील एका सामान्य शिपायाच्या जेवणात पडत होता. ‘दिनार’ हा भारतीय भाषांना परिचित शब्दही याच रोमन नाण्याच्या नावावरून आलेला आहे.

दगडांची लूट आणि राखण

सैन्य गेल्यावर भिंत ही आसपासच्या प्रदेशाची आयती खाण झाली. लॅनरकॉस्टचा मठ, हेक्सहॅमचे चर्च, वाडे, शेतघरे आणि बांध यांत रोमन चिरे आजही ओळखू येतात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस मधला डोंगराळ भाग सीमेवरील लुटारूंच्या ताब्यात होता. विल्यम कॅम्डन हा विद्वान १५९९ मध्ये भिंत पाहावयास आला, परंतु त्यांच्या भयामुळे त्याला हाउसस्टेड्सकडे जाता आले नाही. पुढे १७४५ च्या बंडाच्या वेळी न्यूकॅसलहून कार्लाइलकडे तोफा वेळेवर नेता आल्या नाहीत. म्हणून त्यानंतरच्या दशकात सरकारने एक लष्करी रस्ता बांधला. पूर्वेकडील भागात या रस्त्यासाठी मैलोन्‌मैल भिंत फोडून तिचे दगड पायात घातले गेले. तो रस्ता अजून वापरात आहे. साम्राज्याच्या सैन्याने उभारलेली भिंत दुसऱ्या एका राज्याच्या सैन्यासाठी खडी झाली.

या दगडांबरोबर काय नष्ट होत होते, याची कल्पना प्लेनट्रीज येथील लहानशा तुकड्यावरून येते. १८०१ मध्ये विल्यम हटन हा ७८ वर्षांचा गृहस्थ बर्मिंगहॅमहून पायी निघाला आणि त्याने संपूर्ण भिंत चालून पाहिली. प्लेनट्रीज येथे एक शेतकरी घर बांधण्यासाठी भिंत उकरीत असलेला त्याला आढळला. हटनने डोळ्यांत पाणी आणून त्याला थांबण्याची विनंती केली आणि थोडा भाग वाचला. हाच तुकडा आज अभ्यासकांना अमोल वाटतो, कारण त्यात रुंद भिंत मध्येच अरुंद झालेली दिसते. पाया मात्र पूर्वीच्याच रुंदीचा पुढे चालू राहतो. सुमारे तीन मीटर रुंदीची मूळ योजना काम चालू असतानाच आटोपशीर करण्यात आली, ही गोष्ट येथे डोळ्यांनी पाहता येते. पाया घालणारी टोळी पुढे गेली होती आणि मागून भिंत चढविणाऱ्यांना नवा हुकूम मिळाला. हे कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नाही. तो शेतकरी आणखी काही दिवस काम करता, तर ते तेथे दगडांतूनही वाचता आले नसते.

भिंतीचा निर्माता कोण, हेही एका दगडानेच ठरविले. दीर्घ काळ विद्वान ही दगडी भिंत सम्राट सेव्हेरस याची मानीत. तिसऱ्या शतकाच्या आरंभी त्याने ब्रिटनवर मोहीम केली होती. परंतु हाउसस्टेड्सच्या पश्चिमेकडील एका मैलगढीतून निघालेल्या शिलालेखात हेड्रियन आणि प्रांताधिपती नेपोस यांची नावे स्पष्ट होती. १८४० मध्ये जॉन हॉजसन यांनी या आणि इतर पुराव्यांवरून भिंत हेड्रियनचीच असल्याचे मांडले. हा शिलालेख एखाद्या गोठ्याच्या भिंतीत उलटा बसविला गेला असता, तर या मांडणीचा मुख्य आधारच हरवला असता.

एकोणिसाव्या शतकात न्यूकॅसलचे नगरलेखक जॉन क्लेटन यांनी १८३४ पासून भिंतीलगतची शेते एकामागून एक विकत घेण्यास आरंभ केला. मृत्यूपूर्वी पाच किल्ल्यांच्या जागा त्यांच्या मालकीच्या झाल्या होत्या. दगडांची लूट त्यामुळे त्या भागात थांबली. मात्र त्यांच्या कामकऱ्यांनी पडलेले चिरे गोळा करून ते चुन्यावाचून पुन्हा रचले आणि वर हिरवळ लावली. मधल्या भागात प्रवाशाला जी सुबक भिंत दिसते, तिचे वरचे थर बऱ्याच ठिकाणी या काळातील आहेत. अवशेष पाहताना रोमन थर कोठे संपतो हे तपासण्याची सवय म्हणूनच लावून घ्यावी.

प्रवाशासाठी

१९८७ मध्ये युनेस्कोने भिंतीचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला. पुढे जर्मनीतील रोमन सीमा आणि स्कॉटलंडमधील मातीचा तट यांनाही त्याच नोंदीत स्थान मिळाले. २००३ पासून वॉल्सएंड ते बोनेस असा सुमारे १३५ किलोमीटरचा पायी मार्ग खुला आहे. ज्यांना एवढे चालणे शक्य नाही, त्यांनी न्यूकॅसल–कार्लाइल रेल्वेने हेक्सहॅम अथवा हॉल्टव्हिसल येथे उतरून मधला भाग पाहावा. येथे भिंत काळ्या खडकाच्या कड्यावरून जाते आणि विनशील्ड्स येथे ३४५ मीटर उंची गाठते. चेस्टर्स, हाउसस्टेड्स आणि विंडोलांडा ही तीन स्थळे पाहिली तरी भिंतीची व्यवस्था ध्यानात येते.

पावसाळी हिवाळ्यात माळ भिजलेला असतो आणि हजारो पावलांखाली जमिनीतील अद्याप न उकरलेले थर तुडवले जातात. म्हणून हा मार्ग मे ते ऑक्टोबर या काळात चालावा, अशी सूचना केली जाते. भिंतीवर चढू नये, हे सांगावयास नको. धोका केवळ अजाणतेपणाचाच असतो असेही नाही. हाउसस्टेड्सच्या पश्चिमेस, दोन टेकड्यांमधील खिंडीत, भिंतीशेजारी एक डौलदार सिकॅमोर वृक्ष होता. सप्टेंबर २०२३ मध्ये एका रात्री दोघांनी तो करवतीने कापला. कोसळताना तो भिंतीवर पडला आणि काही चिऱ्यांना इजा झाली. २०२५ मध्ये न्यायालयाने दोघांना कारावासाची शिक्षा दिली. बुंध्याला पुढे नवे कोंब फुटले; रोमन चिऱ्याला मात्र तशी सोय नाही.

पाहणीचा शेवट हाउसस्टेड्सच्या पूर्वेकडील दरवाजात करावा. तेथील उंबरठ्याच्या दगडात गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या आहेत. धान्य, लाकूडफाटा, दारूचे बुधले, पत्रे आणि माणसे यांची तेथून पिढ्यान्‌पिढ्या ये-जा झाली. चरित्रकाराने लिहिलेल्या त्या त्रोटक उल्लेखाशेजारी या चाकोऱ्या ठेवून पाहिल्या, म्हणजे साम्राज्याची सीमा प्रत्यक्षात कशी चालत असे, हे समजू लागते.